शाळेचा पट १३ : हा आकडा नेमकं काय सांगतो?

जिल्हा परिषदेच्या कमी पटाच्या शाळा बंद होणार की राहणार, ही चर्चा आपल्याकडे दर वर्षा-दोन वर्षांनी नव्याने पेटते. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी मुलं असलेल्या सुमारे १,३०० शाळांचा विषय गाजला. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारायचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यात अशा शाळा होत्या १४,७८३. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पदांचे निकष बदलले आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. या सगळ्या बातम्यांत शाळेची ओळख एका आकड्यापुरती उरते. पट ९. पट १३. पट १८. वाचणारा मनात लगेच निकाल लावतो : शाळेत काही दम नसणार, म्हणून मुलं गेली.

माझं म्हणणं असं आहे की लहान शाळेचा पट शाळेपेक्षा त्या वाडीबद्दल जास्त सांगतो. आणि त्या पटावरची मुलं कोण आहेत हे पाहिल्याशिवाय शाळेचं काय करायचं ते ठरवणं हा त्या मुलांवर अन्याय आहे. हे पटवून द्यायचं तर आधी पट मोजतात कसा, तिथून सुरुवात करावी लागेल.

पट, हजेरी आणि संचमान्यता

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये ज्यांची नावं चालू आहेत ती मुलं म्हणजे पट. आज वर्गात जेवढी बसली आहेत ती हजेरी. पट १७ असून हजेरी ११ असू शकते, आणि भातलावणीच्या दिवसांत अनेक ठिकाणी ती तशी असतेच. सरकारी हिशेबासाठी मात्र एक ठरावीक दिवस धरला जातो : ३० सप्टेंबर. त्या दिवशीचा पट ‘यू-डायस प्लस’ या केंद्र सरकारच्या प्रणालीत जातो. देशातल्या प्रत्येक शाळेची माहिती तिथे असते, आणि अलीकडे ती एकेका विद्यार्थ्याच्या नावानिशी भरावी लागते. महाराष्ट्रात २०१५ पासून राज्याची ‘सरल’ प्रणालीही आहे.

या पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर होतात, त्या हिशेबाला संचमान्यता म्हणतात. मंजुरीपेक्षा जास्त शिक्षक असले की ते ‘अतिरिक्त’ ठरतात आणि त्यांचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं कोष्टक आहे. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, त्याचा सगळ्यात मोठा फटका २० पेक्षा कमी पटाच्या शाळांना बसणार होता. वाद त्यावरूनच झाला.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे सगळे निकष टप्प्यांचे आहेत. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान मिळतं ते ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये आणि ३१ ते १०० मुलांना २५ हजार. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं त्यातच. पोषण आहाराला २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ झाली की दोन. मोठ्या शाळेत एक मूल आलं-गेलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. लहान शाळेत एका घराने सामान बांधलं तर वर्षाचं अनुदान निम्म्याहून खाली येऊ शकतं. मुख्याध्यापक ऑगस्टमध्ये घरोघरी का फिरतात, त्याचं उत्तर यात आहे.

मोजणीवर एवढा संशय का?

कारण एकेकाळी खोटा पट हा मोठा उद्योग होता. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली. कागदावर होती पण वर्गात नव्हती अशी लाखो नावं तेव्हा सापडली. न आलेल्या मुलांच्या नावावर पदं, अनुदान, तांदूळ उचलला जात होता. तेव्हा काटेकोर मोजणी हवीच, याबद्दल दुमत असू नये.

पण काटेकोरपणाचं ओझं वाडीवरच्या शाळेवर वेगळं पडतं. गेल्या काही वर्षांत संचमान्यतेसाठी आधार वैध असलेलीच मुलं मोजायची अट आली. वैध म्हणजे शाळेतलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवरच्या नोंदीशी तंतोतंत जुळलं पाहिजे. शाळेत आईने ‘पूजा’ सांगितलं, आधार केंद्रावर कोणी ‘पुजा’ टाइप केलं, की ते मूल रोज समोर बसलेलं असूनही हिशेबात अडकतं. ४०० च्या शाळेत अशी पाच नावं अडकली तर फरक पडत नाही. १३ च्या शाळेत दोन अडकली तर पट ११ होतो. दुरुस्तीसाठी त्या बापाला तालुक्याला जावं लागतं, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते.

१७ चे १३ झाले, आणि शाळा कोणीच सोडली नाही

आता एक मनातली शाळा घेऊ. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पहिलीत ३, दुसरीत ६, तिसरीत २, चौथीत ६. पट १७.

पुढच्या वर्षी चौथीची ६ मुलं पाचवीसाठी मोठ्या गावच्या शाळेत गेली. जाणारच होती, इथे पाचवी नाही. पहिलीत २ नवी आली. पट झाला १३. अहवालात छापून येईल : ‘पटसंख्येत २४ टक्क्यांची घसरण’. त्याच्या पुढच्या वर्षी चौथीतून २ बाहेर पडली आणि पहिलीत ५ आली. पट १६. आता ‘२३ टक्क्यांची वाढ’. या दोन वर्षांत एकाही पालकाने मूल काढलं नाही, शिक्षक तेच, शिकवणं तेच. फरक एवढाच की एका वर्षी वाडीत पाळणे जास्त हलले होते आणि एका वर्षी कमी.

आकडे लहान असले की टक्केवारी अशी उड्या मारते. म्हणून लहान शाळेबद्दल टक्क्यांत बोललेलं ऐकलं की आधी मूळ संख्या विचारावी, आणि एका वर्षाऐवजी पाच वर्षांचा पट शेजारी-शेजारी मांडून पाहावा.

मुलं गेली कुठे?

मुळात बरीचशी जन्मलीच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती १.७ वर आली. लोकसंख्या स्थिर राहायला हे प्रमाण २.१ च्या आसपास लागतं, म्हणजे आपण त्याच्या बरेच खाली आहोत. कुटुंब लहान ठेवा असं सरकारने दोन पिढ्या सांगितलं, लोकांनी ऐकलं. त्याचा परिणाम अंगणवाडीनंतर सगळ्यात आधी दिसतो तो पहिलीच्या वर्गात.

हिशेब करून पाहा. ३०० माणसांची वाडी आहे. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. म्हणजे वाडीत वर्षाला चार-पाच मुलं जन्मतात. चार इयत्ता मिळून होतात १८. प्रत्येक घरातलं प्रत्येक मूल याच शाळेत आलं, कोणी शहरात गेलं नाही, कोणी खासगी शाळेत घातलं नाही, असं सगळं जुळून आलं तरी १८. म्हणजे २० ची रेषा या वाडीला गाठताच येणार नाही, शिक्षक कितीही जीव तोडून शिकवत असले तरी. चाळीस वर्षांपूर्वी जन्मदर जवळपास दुप्पट होता, तेव्हा याच ३०० माणसांत शाळेला तीस-पस्तीस मुलं मिळत. शाळेच्या भिंतीवरचे जुने फोटो पाहून ‘केवढी मुलं असायची’ म्हणतो, त्यामागे हे साधं गणित आहे.

शिवाय ३०० माणसं ३०० राहिलेली नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली : रत्नागिरीची जवळपास पाच टक्क्यांनी, सिंधुदुर्गची दोन टक्क्यांहून थोडी जास्त. जाणारी माणसं तरुण असतात, म्हणजे ज्यांची मुलं पहिलीत बसायची तीच. मागे राहतात आजी-आजोबा. घरं तेवढीच दिसतात, कुलपं वाढतात.

मराठवाड्यात आणि नगरच्या पट्ट्यात प्रश्न वेगळा. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ३० सप्टेंबरला पट भरलेला असतो, नोव्हेंबरात निम्मे बाक रिकामे. मुलांना आजीकडे ठेवून हंगामी वसतिगृह चालवलं तर ती टिकतात, नाहीतर ती फडावर. त्याच वेळी ज्या गावाच्या शिवारात त्यांची पालं पडतात, तिथल्या शाळेच्या पटावर ती नसतात. एकच मूल कागदावर एका शाळेत आणि प्रत्यक्षात कुठल्याच शाळेत नाही. वर्षातून एकदा मोजणाऱ्या पद्धतीला हे मूल दिसणं अवघड आहे.

आणि तिसरं कारण सगळ्यांना माहीत असलेलं : इंग्रजी माध्यमाची पिवळी व्हॅन. ती आता डांबरी रस्ता पोहोचला तिथे पोहोचते. शिवाय शिक्षण हक्क कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखून फी सरकारने भरायची आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता; जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाने योग्यच केलं असं मला वाटतं. पालकांचा मार्ग अडवून पट टिकवणं हे पट टिकवणं नव्हे.

कोण उरलं, ते पाहा

यू-डायसमध्ये मुलांची नुसती संख्या नसते. मुलगा की मुलगी, वय, सामाजिक प्रवर्ग, धार्मिक अल्पसंख्याक, दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, दिव्यांगत्व, माध्यम हे सगळं असतं. ही माहिती कशासाठी, असं पालक विचारतात. कारण हक्काच्या अनेक गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत. अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांतल्या मुलींना पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते. प्रवर्गाची नोंद चुकली की ती गेली. दिव्यांग म्हणून नोंद नसेल तर विशेष शिक्षक त्या मुलाकडे येणार नाही.

पण १३ मुलांच्या शाळेत हे आकडे वाचायचे कसे? समजा ८ मुली आणि ५ मुलगे आहेत. मुलींचं प्रमाण ६२ टक्के. कागदावर वाटेल, वा, मुलींच्या शिक्षणाची काय प्रगती! वाडीत जाऊन पाहिलं तर तीन घरांतले मुलगे व्हॅनने तालुक्याला जातात आणि त्यांच्या बहिणी इथे. ज्याची फी परवडते त्याची भरायची, आणि तो बहुतेक वेळा मुलगा असतो. पटावर मुली वाढल्या, कारण मुलग्यांवर खर्च वाढला.

‘अनुसूचित जमाती १५ टक्के’ म्हणजे दोन मुलं, बहुतेक एकाच घरची भावंडं. त्यांचे आईबाप वीटभट्टीवर गेले की पुढच्या वर्षी ‘शून्य टक्के’. ‘दिव्यांग ८ टक्के’ म्हणजे एक मूल, आणि ते कोणतं हे साऱ्या गावाला ठाऊक. इथे मला काळजी वाटते ती मुलांच्या खासगीपणाची. मोठ्या शाळेतली टक्केवारी गर्दीत लपते. लहान शाळेची आकडेवारी जाहीर करताना आपण जवळजवळ नाव जाहीर करत असतो. दारिद्र्यरेषेखालची, दिव्यांग, अमुक प्रवर्गाची म्हणून लहान शाळांतल्या मुलांची यादी फलकावर किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये, हे शिक्षकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

मुलांची घरची भाषा हीसुद्धा अशीच महत्त्वाची बाब. मेळघाटातल्या एखाद्या शाळेत १२ पैकी बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात, नंदुरबारच्या डोंगरात पावरी, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी. तिथे शिक्षकाला ती भाषा येते की नाही यावर पहिलीतलं मूल वाचायला शिकणार की नाही हे ठरतं. शाळा जोडताना अंतर मोजलं जातं. भाषाही विचारायला हवी.

या सगळ्यातून एक चित्र दिसतं. ज्यांच्याकडे गाडी, फी, शहरातला नातेवाईक आहे ती मुलं आधी गेली. उरली ती ज्यांच्याकडे यातलं काही नाही. म्हणून कमी पटाची शाळा म्हणजे बऱ्याचदा वाडीतल्या सगळ्यात अडचणीतल्या घरांची शाळा. तिथल्या १३ मुलांना दुसरा पर्याय असता तर त्यातली बरीच आज त्या पटावर नसती.

‘तेरा मुलांवर दोन शिक्षक? परवडतं का?’

प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये समोर आलेले आकडेच घ्या : १४,७८३ शाळा, सुमारे १ लाख ८५ हजार मुलं, सुमारे २९,७०० शिक्षक. शाळेमागे साडेबारा मुलं, शिक्षकामागे सहा. राज्यातले एकूण विद्यार्थी दोन कोटींहून जास्त, म्हणजे ही मुलं एक टक्कासुद्धा नाहीत. खर्च जास्त आहे, हे झाकण्यात अर्थ नाही.

तो जास्त का येतो ते समजून घेतलं पाहिजे. डोंगरातल्या गावी जाणारी शेवटची एसटी आठवा. गाडीत पाच जण असोत की पन्नास, ड्रायव्हर एक, कंडक्टर एक, डिझेल तेवढंच. पाच जण असले की माणशी खर्च दहापट होतो, आणि तरी ती गाडी बंद केली तर त्या पाच जणांना घरी जायला दुसरं काही नसतं. शाळेचा बहुतांश खर्च असाच ठरलेला असतो : शिक्षकांचा पगार. पट अर्धा झाला म्हणून पगार अर्धा होत नाही.

याची दुसरी बाजू चर्चेत येतच नाही. शाळा बंद झाली म्हणून हे शिक्षक घरी जात नाहीत. ते कायम नोकरीत आहेत, समायोजनाने दुसरीकडे जातात, पगार चालूच राहतो. पैसे वाचतात ते पुढे होणारी भरती टळल्यामुळे. म्हणजे ‘एवढ्या शाळा बंद केल्या तर एवढे कोटी वाचतील’ असा गुणाकार कोणी मांडला तर त्यातून मुलांची वाहतूक, वसतिगृह आणि गळती वजा करायची राहिली आहे का, ते विचारा.

हेही कबूल करायला हवं की काही शाळा जोडणं शहाणपणाचं आहे. एकाच गावात तीनशे मीटरवर जिल्हा परिषदेच्या दोन शाळा, एकीचा पट ९ आणि दुसरीचा २६, दोन्हींमध्ये ना ओढा ना घाट, तर त्या दोन राहण्यात मुलांचं काहीच हित नाही. माझा विरोध जोडण्याला नाही, एका आकड्यावरून सरसकट जोडण्याला आहे.

‘इतक्या कमी मुलांत मूल शिकणार काय?’

लोकांना वाटतं मुलं कमी म्हणजे अभ्यास कमी. खरी अडचण वेगळी आहे. तिला बहुवर्ग अध्यापन म्हणतात : एका शिक्षकाने एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणं. सकाळी एक गुरुजी पहिली-दुसरीला सतरंजीवर अक्षरओळख करून देत असतात, बाई शेजारच्या खोलीत चौथीला भागाकार मांडून देऊन तिसरीकडे वळतात. मध्येच पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा. प्राथमिकला मुलामागे १०० ग्रॅम, म्हणजे १३ मुलांना १ किलो ३०० ग्रॅम. मग त्याची नोंद ऑनलाइन. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं तिथे बैठक लागली की दोघांपैकी एक जण गेला, आणि त्या दिवशी चारही इयत्ता एकाच्या गळ्यात. ६० मुलांच्या दोनशिक्षकी शाळेतही हेच होतं, फक्त गोंगाट जास्त. ही अडचण पटाची कमी आणि शिक्षकसंख्येची जास्त आहे. म्हणूनच पट कमी म्हणून दुसरा शिक्षक काढून घेणं हा उपाय उलटा पडतो. २०२० च्या नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दिलेला २०१६-१७ चा आकडा पाहा : देशात १,०८,०१७ एकशिक्षकी शाळा, त्यातल्या ८५,७४३ पहिली ते पाचवीच्या. त्या एका शिक्षकाने रजा घ्यायची कधी?

मात्र सोबत्यांचा प्रश्न खरा आहे. इयत्तेत एकच मूल असेल तर त्याला जोडीदार नाही, खेळायला संघ नाही, चुकलं तर शेजारच्याचं पाहून सुधारायची सोय नाही. दोन-तीन मुलांच्या शाळेत हा एकटेपणा मुलाला जाणवतो. यावर शाळा न मोडताही उपाय आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘शाळा संकुला’ची कल्पना मांडली आणि २०२० च्या धोरणाने ती पुन्हा पुढे आणली : एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरातल्या लहान शाळा यांनी शिक्षक, ग्रंथालय, मैदान, प्रयोगशाळा वाटून वापरायचं. आठवड्यातून एक दिवस चार वाड्यांची मुलं एकत्र आणली तरी बरंच साधेल. संकुल आणि समूह शाळा यांत लोक गल्लत करतात. संकुलात वाडीची शाळा राहते. समूह शाळेत वाडीच्या शाळा मिटवून एक मोठी उभी राहते, आणि तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ ही उदाहरणं दिली गेली.

‘शिक्षक शिकवत नाहीत, म्हणून पट घसरला’

काही ठिकाणी हे खरं असेल. ज्या वाडीत जन्मलेल्या मुलांपैकी निम्मी दुसऱ्या शाळेत जातात, तिथे शाळेला जाब विचारलाच पाहिजे. पण पट घसरला एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भारतातली ६ ते १४ वयाची सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाली, २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आली. मधल्या काळात करोना होता. शाळा त्याच, शिक्षक तेच. पालकांच्या हातात पैसा नव्हता तेव्हा मुलं सरकारी शाळेत आली, पैसा आला तशी परत गेली. शाळेचा दर्जा चार वर्षांत सात टक्क्यांनी सुधारून दोन वर्षांत बिघडला, असं कोणी म्हणणार नाही.

‘बस देऊ की!’

आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. एक किलोमीटर ही मर्यादा सहा वर्षांच्या पायांकडे पाहून ठरली आहे. ती नकाशावर सरळ रेषेत मोजली तर फसगत होते. कोकणात मध्ये पऱ्या म्हणजे ओहोळ असतो, त्यावर साकव, म्हणजे छोटासा पूल. जुलैत पऱ्या भरला की साकवावरून पहिलीतलं पोर एकटं कोण सोडेल? बस येईल ती डांबरी रस्त्यापर्यंत. वाडीपासून रस्त्यापर्यंतचं चालणं उरतंच, आणि आईबाप त्या वेळी शेतावर किंवा रोजगार हमीच्या कामावर असतात. गाडी बिघडली, चालक आला नाही, वाहतूक भत्त्याचे पैसे सहा महिने रखडले, की पहिली शाळा सुटते ती मुलीची. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणीतरी हवंच असतं. शाळा वाडीत असली की ती भावाला कडेवर घेऊन तरी येते.

पुढच्या तीन वर्षांचा पट आजच कळतो

शाळेबद्दलचा निर्णय होतो तेव्हा पालकांना कळतं सगळ्यात शेवटी. तसं व्हायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. या समितीने तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि त्यात पुढच्या प्रत्येक वर्षी कोणत्या इयत्तेत किती मुलं असतील याचा अंदाज देणं अपेक्षित असतं. बहुतेक ठिकाणी तिथे मागच्या वर्षीचेच आकडे उतरवले जातात.

हा अंदाज काढायला वाडीत एक संध्याकाळ पुरते. अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरमध्ये तीन ते सहा वयाच्या प्रत्येक मुलाचं नाव आणि जन्मतारीख असते. त्यात कोणतं घर गाव सोडणार आहे, कोण कारखान्यावर जाणार, कोणाचं मूल व्हॅनने जाणार हे बायकांना विचारलं की घराघरानिशी कळतं. त्यासोबत आणखी तीन गोष्टी लिहाव्यात : आधार न जुळलेली नावं, घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं, आणि सगळ्यात जवळच्या दुसऱ्या शाळेपर्यंतची पावसाळ्यातली वाट चालून मोजलेलं अंतर. हा कागद समितीच्या ठरावासह केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. ३० सप्टेंबरच्या आधी.